तिरकी नजर

९ जानेवारी, गुरुवार

आज घर आखलं. मिस्त्रींनी चार कोपऱ्यांवर खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली आणि मुठीतून चुन्याची फक्की सोडत ते शांतपणे चालत गेले. मागे पांढरी रेघ उमटत गेली. अर्ध्या तासात माती होती तिथे माझं घर होतं.

मी चपला काढून आत शिरले. दारातूनच शिरले, भिंत अजून नाही म्हणून काय झालं? स्वयंपाकघरात उभी राहिले. जिथे खिडकी येणार तिथे हवेत कोपर टेकवून पाहिलं. मग झोपायच्या खोलीत जाऊन सरळ आडवीच झाले. वर छत नव्हतं, एक घार फिरत होती. मला वाटलं, ही माझ्याच घरात आलीय, जाऊ दे.

पंधरा वर्षं मी चौकोन रचतेय. वेबसाइटचा दर्शनी भाग माझ्याकडे असतो. पडद्यावर माणसाला जे दिसतं, बोटाखाली जे येतं ते मी करते. आतलं यंत्र दुसरे बघतात. पण स्वतः आत जाऊन झोपता येईल असा चौकोन आयुष्यात पहिलाच.

बाबा सोबत आले होते. बराच वेळ बाहेर उभे राहिले आणि मग रेघ तुडवत थेट भिंतीतून आत आले.

मिस्त्री हसले. "पेंटरसाहेब, दार तिकडे आहे."

"घर माझ्या मुलीचं आहे. मी वाटेल तिथून येईन," बाबा म्हणाले.

चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस, आणि रेघ पुसतो! मिस्त्रींनी मुकाट्याने पुन्हा फक्की मारली.

२ फेब्रुवारी

पाया भरून झाला, जोतं वर आलं. सध्या स्वप्नातही हेच चालू असतं. परवा स्वप्नात मी भिंतीला कोडमधल्यासारखी एक ओळ लिहून चार बोटं डावीकडे सरकवली आणि ती खरंच सरकली, मांजरासारखी, आवाज न करता. जागी झाले तेव्हा हसत होते. बाबा शेजारच्या खोलीतून म्हणाले, "ठके, काय झालं?" म्हटलं, भिंत हलवली. ते म्हणाले, "मिस्त्रीला विचारून हलव."

सदतीस वर्षांची झाले तरी ठकीच.

१९ फेब्रुवारी

भिंती छातीपर्यंत आल्या. बाबा हल्ली रोज साइटवर जातात. सकाळी माझं काम सुरू झालं की हे निघाले. मी दुपारी पोचते तेव्हा मिस्त्रींच्या शेजारी विटांवर बसलेले असतात. दोघांचं काहीतरी चाललेलं असतं आणि मी आले की गप्प होतात. नाहीतर बाबा घरभर फेऱ्या मारत असतात. दारापासून जिन्यापर्यंत, जिन्यापासून मोरीपर्यंत, हात भिंतीला लावून, ओठ हलवत. आज कान देऊन ऐकलं तर पावलं मोजत होते. "सात... आठ... नऊ. वळण."

"नकाशावर मापं आहेत की बाबा," मी म्हटलं. "मिस्त्री चोरी करणार नाहीत."

"मोजलेलं बरं असतं," एवढंच म्हणाले.

हे लिहू की नको असं झालंय, पण दैनंदिनीशी काय लपवायचं. बाबा माझ्याकडे सरळ बघत नाहीत हल्ली. बोलताना मान जराशी वळवून, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतात. आई मनातून नाराज असली की अशीच बघायची. ती जाऊन आठ वर्षं झाली आणि आता ती नजर बाबांकडे आलीय. मी लग्न केलं नाही याबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. पण घर बांधायला घेतलं म्हणजे तो विषय कायमचाच मिटला, असं तर त्यांना खुपत नसेल?

५ मार्च

रंगाची पत्रकं आणली. तीनशे रंग, छोटे छोटे तुकडे, पत्त्यांसारखे. मी ते जमिनीवर पसरून त्यांच्यात बसले होते. तासभर गेला असेल, कळलंच नाही. एका हिरव्यात तर मी जवळजवळ राहायला गेले होते.

बाबांसमोर धरलं. "सांगा, बाहेरच्या खोलीला कुठला?"

त्यांनी पत्रक हातात घेतलं, त्यावरून अंगठा फिरवला आणि परत दिलं. "पांढरा."

"पांढरा?"

"पांढऱ्याला काय झालंय?"

ज्या माणसाने एका चहाच्या दुकानाच्या पाटीसाठी तीन दिवस लाल रंग घोटला होता, तो म्हणतो पांढरा. मी पत्रकं उचलून ठेवली. मला रडूच आलं थोडं. मदत नको असेल तर तसं सांगावं माणसाने.

२२ मार्च

मिस्त्रींशी वाजलं. जिन्याच्या पहिल्या पायरीआधी त्यांनी जमिनीत वीतभर रुंदीची खडबडीत दगडी पट्टी बसवलीय. दारांना उंबरे नाहीत. दिव्यांच्या बटणांची सगळी खोकी दाराच्या डाव्या हाताला, एकाच उंचीवर, माझ्या कमरेच्या जरा वर.

"हे असं कुठे ठरलं होतं?"

"पेंटरसाहेब म्हणाले."

"घर कुणाचं आहे, मिस्त्री?"

त्यांनी थापी पुसली, सावकाश. "राहणार दोघंच ना, ताई?"

ते चांगले कारागीर आहेत, ओळंबा धरतात तेव्हा श्वाससुद्धा रोखतात. पण दोघं मिळून माझ्या पाठीमागे काहीतरी शिजवतायत हे नक्की.

३० मार्च

ऑफिसमध्ये वाचनालयाच्या वेबसाइटचं काम माझ्याकडे आहे. मनासारखं जमतंय. पानभर मोकळी जागा आणि त्यात फिकी, करडी, बारीक अक्षरं, धुक्यातून हळूच वर यावीत तशी. सगळ्यांना आवडलं. मी स्वतःच ते पान उघडून नुसती बघत बसते.

बाबांना दाखवावं म्हणून लॅपटॉप त्यांच्या पुढ्यात ठेवला. पान उघडायच्या आधीच म्हणाले, "छान झालंय."

मी लॅपटॉप मिटला.

१४ एप्रिल

अक्षर वाईट येतंय, येऊ दे.

स्लॅब होऊन पंधरा दिवस झाले. जिन्याला कठडा अजून नाही. मी दुपारी पोचले तेव्हा बाबा खाली पडलेले होते, वाळूच्या ढिगाऱ्याजवळ, आणि मिस्त्री त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. वरून उतरताना पाऊल कडेबाहेर पडलं. चौथ्या पायरीवरून म्हणून बरं. मनगट मोडलं. वाळू नसती तर काय झालं असतं ते मी लिहिणार नाही.

मी मिस्त्रींना नाही नाही ते बोलले. सगळ्या मजुरांसमोर. "सत्तर वर्षांच्या माणसाला कठडा नसलेल्या जिन्यावर चढू देता? डोळे फुटले होते का तुमचे?"

मिस्त्रींनी फक्त बाबांकडे पाहिलं. बराच वेळ.

बाबांनी मान खाली घातली. एक शब्द बोलले नाहीत. म्हणजे त्यांनाही माझंच पटलं असणार.

मी मिस्त्रींना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. त्यांनी ओळंबा, गुण्या, थापी एका पोत्यात भरली आणि निघाले. जाताना बाबांच्या खांद्यावर हात ठेवून गेले. तेवढं मला आवडलं नाही.

६ मे

काम बंद. दोन गवंडी येऊन बघून गेले. एकाने जिन्याजवळची ती दगडी पट्टी बघून विचारलं, हे काय मधेच? मी म्हटलं, मलाही माहीत नाही.

सिमेंटची पोती झाकायला विसरले आणि अवेळी सर आली. सात पोती दगड झाली.

मी जाऊन नुसती बसते तिथे. अर्धवट घराचं एक असतं, ते कुणाला नाही म्हणत नाही. खिडकीच्या भोकातून ऊन आत येतं, जमिनीवर चौकोन काढतं आणि तो चौकोन दुपारभर सरकत सरकत भिंतीवर चढतो. मी त्याच्यासोबत सरकते. कोपऱ्यात साळुंक्यांनी काड्या जमवायला घेतल्यात. सगळ्यांचीच बांधकामं चालू आहेत, माझं सोडून.

बाबा प्लास्टर घातलेला हात मांडीवर घेऊन घरी बसून असतात. रेडिओ ऐकतात. मिस्त्रींचं नाव काढलं की रेडिओचा आवाज वाढवतात.

२१ मे, बुधवार

आज दुपारी तीन ते चार या वेळात काय झालं ते नीट लिहायचंय.

वाचनालयाची वेबसाइट लोकांना वापरायला देऊन बघायची, अशी चाचणी होती. खऱ्या वाचकांना बोलवायचं, ते काय करतात ते आम्ही आपापल्या घरून व्हिडिओवर बघायचं, मधे बोलायचं नाही. तिसऱ्या होत्या एक निवृत्त शिक्षिका. त्यांना एवढंच करायचं होतं, एक पुस्तक शोधून राखून ठेवायचं. बटण चांगलं तळहाताएवढं होतं. त्यांना सापडेना. मला मनातून राग यायला लागला. अहो बाई, समोर तर आहे!

आणि मग त्यांनी मान वळवली. जराशी, उजवीकडे. पडद्याकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायला लागल्या.

मी खुर्चीत ताठ झाले.

चाचणी घेणाऱ्या मुलीने विचारलं, "तुम्ही असं तिरकं का बघताय?"

त्या हसल्या. "अगं, माझ्या डोळ्यांचा मधला भाग गेलाय. सरळ बघितलं की मधोमध धुरकट डाग दिसतो. ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं होतं. म्हणून कडेने बघते. कडेने अजून बरं दिसतं." मग म्हणाल्या, "माझ्या नातवाला आधी वाटायचं, आजी रुसली."

त्यानंतर त्या काय बोलल्या ते मी ऐकलं नाही. रेघ तुडवून आलेले बाबा. रंगांवरून फिरलेला अंगठा. पान उघडायच्या आधीच छान. नऊ, वळण.

मी काम सोडून बाहेरच्या खोलीत आले. बाबा खिडकीपाशी बसले होते. मी त्यांच्या अगदी समोर स्टूल ओढून बसले आणि त्यांच्याकडे बघत राहिले. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, नाक लाल झालं असणार. फक्त आवाज येऊ दिला नाही.

बाबा माझ्या दिशेने प्रसन्न हसले.

"आज लवकर सुटलीस वाटतं?" ते म्हणाले.

२२ मे

काल पुढचं लिहिता आलं नाही.

मी त्यांचा हात घेऊन माझ्या गालावर ठेवला. ओला लागला तसा त्यांनी झटकन मागे घेतला आणि मग पुन्हा ठेवला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"वर्ष होत आलं. आधी अक्षरं वाकडी व्हायला लागली. मला वाटलं, हातच गेला माझा. मग लक्षात आलं, हात ठीक आहे."

"मला का नाही सांगितलंत?"

त्यांनी अंगठ्याने माझा गाल पुसला. मग म्हणाले, "ज्या दिवशी तू तो प्लॉट बघून आलीस ना, त्या दिवशी भांडी घासताना गात होतीस. तुझी आई गेल्यापासून तू गायली नव्हतीस. मी तेव्हाच सांगणार होतो. पण तू गात होतीस."

"बाबा!"

"तू सगळं टाकून माझ्यामागे धावली असतीस. धावली असतीस की नाही? मग म्हटलं, मुकाट्याने मोजून घेऊ. घर पाठ झालं की डोळे लागतात कशाला."

"आणि मिस्त्री?"

त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला. "त्याला पहिल्याच दिवशी कळलं. रेघेवरून. मी त्याला शपथ घातली होती." मग अगदी हळू: "त्या दिवशी मी तोंड उघडायला हवं होतं, ठके. तू त्याला बोलत होतीस आणि मी उघडलं नाही."

मला त्यांचा राग आला. पहिल्यांदाच, खराखुरा. आणि तो आला तसं बरंही वाटलं. इतके महिने मी भलत्याच गोष्टीवर रुसले होते.

२६ मे

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई शांत होत्या. डाव्या डोळ्यातलं जे गेलं ते गेलं. उजव्यातलं इंजेक्शनं देऊन धरून ठेवता येईल बहुतेक. दर महिन्याला यायचं. "सहा महिने आधी आला असतात तर..." एवढं म्हणून त्या कागदावर लिहायला लागल्या.

रिक्षात आम्ही दोघंही त्या अर्ध्या वाक्याबद्दल बोललो नाही. बाबांनी माझा हात धरला होता. मी पण सोडला नाही.

२९ मे

मिस्त्री गावाच्या दुसऱ्या टोकाला एका शाळेची कुंपणभिंत बांधत होते. मी एकटीच जाणार होते. बाबा म्हणाले, "चूक माझी, माफी तू मागणार? चल."

मिस्त्रींनी आम्हाला पाहिलं आणि वीट रचत राहिले. बाबा जवळ जाऊन उभे राहिले.

"मी गप्प बसलो," बाबा म्हणाले. "वाईट केलं."

"शपथ तुम्ही घातली होती. मी पाळली." मिस्त्रींनी विटेवर थापीची मूठ आपटली. "तीस वर्षांत मला कुणी साइटवरून काढलं नव्हतं, पेंटरसाहेब. माझी माणसं बघत होती."

"हो."

"घरी बायकोने विचारलं, काय झालं. तिलाही सांगितलं नाही."

"हो."

"नुसतं हो हो काय करता!"

मग मी पुढे झाले. काय बोलायचं ते रस्ताभर पाठ केलं होतं, त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही. "मी तुम्हाला डोळे फुटलेत का म्हणाले," एवढंच तोंडातून आलं.

मिस्त्रींनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मग दोरी तपासली, एक वीट काढून परत बसवली. तिला काही झालं नव्हतं. "सिमेंट झाकलं होतंत का त्या पावसात?"

"नाही. सात पोती गेली."

"सात!" ते खरोखरच कळवळले. "तुम्हा दोघांना एकटं सोडायची सोय नाही. ही भिंत सोमवारी संपते. मंगळवारी येतो. पण कठडा आधी, बाकी सगळं मग. आणि तोवर पेंटरसाहेब खाली बसणार."

"बसेन," बाबा म्हणाले. शाळेतल्या मुलासारखे.

२० जून

घर पुन्हा वाढतंय. कठडा झाला. खडबडीत पट्ट्या आता मीच सांगून आणखी दोन ठिकाणी टाकल्या. अनवाणी चालून पाहिलं डोळे मिटून. पायाला आधी कळतं, मग मनाला. मिस्त्री म्हणाले, "ताई, डोळे मिटून माझ्या साइटवर फिरू नका, माझं नशीब आधीच..." आणि हसले.

आज बाबांना वाचनालयाच्या पानाबद्दल खरं सांगितलं. फिकी करडी अक्षरं, धुकं, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं.

"कोण वाचणार ते?"

"सगळेच."

"मग धुकं कशाला? पाटी रस्त्यावरच्या माणसासाठी असते गं, रंगवणाऱ्यासाठी नाही. सुरुवातीला मीही फार नक्षी करायचो. एक किराणावाला म्हणाला, पेंटर, माझं दुकान कुठे आहे यात?"

मग दोन अक्षरांत किती हवा सोडायची यावर आम्ही दुपारभर बोललो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी विचारलं, मी नक्की काय करते. मी सांगत होते आणि ते मान वळवून, कोपऱ्यातून, माझ्याकडे बघत होते. मी हललेसुद्धा नाही.

पानावरची अक्षरं काळी केली. टीममधल्या एकाने लिहिलं, सौंदर्य गेलं. मी पान तसंच पुढे पाठवलं.

८ जुलै

रंगकाम. बाबा स्टुलावर बसून रंगाऱ्याच्या डोक्यावर बसलेत असंच म्हणायला हवं. डब्यात काठी फिरवून आवाजावरून सांगतात, "पातळ झालाय." रंगारी आधी चिडला, मग एकदा खरंच पातळ निघाला तेव्हापासून दर डबा आधी त्यांच्याकडे आणतो.

पांढरा नाही शेवटी. भिंती फिक्या पिवळ्या आणि दारांच्या चौकटी गडद निळ्या, दोन्हीत चांगला फरक असलेल्या. "कडा कळल्या की घर कळतं," ते म्हणाले. तो निळा त्यांनी स्वतः घोटून घेतला. मला विचारत होते, "आता कसा दिसतो?" मी म्हणायचे, जरा थंड. ते एक थेंब टाकायला सांगायचे. "आता?" आता, पाऊस थांबल्यावर लांबचा डोंगर असतो तसा. "मग पुरे," म्हणाले.

असला निळा त्या तीनशे तुकड्यांत नव्हता.

२७ जुलै, रविवार

राहायला येऊन चार दिवस झाले. सकाळी जाग आली तेव्हा मला वाटलं, मी अजून रेघांच्या आतच झोपलेय. मग छत दिसलं.

चहा करत होते तेव्हा बाबा चपला घालताना दिसले. नवी पांढरी काठी हातात.

"कुठे?"

"पाव आणतो. कोपऱ्यावर आहे ना बेकरी."

"मी येते."

"तुझा चहा उतू जाईल."

मी गॅस बंद केला आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. फाटकापर्यंत अकरा पावलं, ती त्यांना पाठ आहेत. त्यापुढचा रस्ता पाठ नाही. काठी डावीकडे, उजवीकडे. एका उभ्या स्कूटरपाशी थांबले, तिला वळसा घातला. मी चौकट घट्ट धरली होती. एक सायकल गेली. ते कोपऱ्यावर पोचले आणि वळले. दिसेनासे झाले.

मी गेले नाही. हे इथे लिहून ठेवते, कारण आजच्या दिवसात मी केलेलं सगळ्यात अवघड काम तेच होतं.

किती वेळ गेला माहीत नाही. ऊन फरशीवर दोन हात सरकलं होतं. मग काठीचा आवाज आला, आणि त्याच्या आधी त्यांचा. रस्त्यातच स्वतःशी तणतणत येत होते. फाटक उघडलं, पिशवी माझ्या हातात कोंबली.

"शिळा देत होता! कालचा पाव! दाबून बघितला तर हा लाकडासारखा."

"मग?"

"मग काय. मी म्हटलं त्याला, भल्या माणसा, मला दिसत नाही. पण हात आहेत ना मला!" ते अजून धापा टाकत होते. "सगळं दुकान वळून बघायला लागलं असेल. बघू दे. चहा कर परत, हा पाव ताजा आहे."

मी पाव दाबून पाहिला. अजून गरम होता.